हिर्डोशीच्या खड्ड्यातली हिरवी बाटली

स्वारगेटला एस.टी.त बसल्या बसल्या वसूनं मला खिडकी दिली आणि मांडीवर एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं. "बाबा, भोर येईपर्यंत हे खाली ठेवायचं नाही. रस्त्यात खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायचं." कात्रज मागे पडल्यावर कंडक्टर आला आणि खोक्याकडं बघून म्हणाला, "काय काका, लेकीच्या सासरी मिठाई का?"

"फुटक्या बाटल्या आहेत," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पण खोक्यात खरोखरच कापसात गुंडाळलेल्या फुटक्या बाटल्या होत्या. वसू माझी मुलगी. पुण्यात पुरातत्त्व शिकते. पुरातत्त्व म्हणजे लेणी, नाणी, तांब्याची भांडी असं मी समजत होतो. ही मात्र गेल्या दीड-दोनशे वर्षांतल्या काचेच्या बाटल्यांवर प्रबंध लिहिते. औषधाच्या, शाईच्या, सोड्याच्या, दारूच्या. लोकांनी काय विकत घेतलं, काय जपलं आणि काय टाकून दिलं ते बाटल्यांवरून कळतं म्हणे. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिची आई म्हणाली होती, "बापानं तीस वर्षं बाटल्या केल्या, आता लेक त्या उकरून काढणार."

तीस नव्हे, एकतीस. पुण्याबाहेरच्या एका काचकारखान्यात मी साच्यांच्या खात्यात होतो. बाटली ज्या लोखंडी साच्यात फुंकतात तो साचा घासायचा, पुसायचा, नीट बसवायचा, हे माझं काम. सत्त्याण्णवच्या एप्रिलात कारखाना बंद पडला. त्यानंतर कित्येक दिवस मी सकाळी साडेसहाला चपला घालून उंबऱ्यापर्यंत जायचो आणि तिथं गेल्यावर आठवायचं. मग चपला काढून परत आत. जुन्या सोबत्यांकडं जाणं मी सोडलं होतं. भेटून बोलायचं काय?

डिसेंबरात वसूला भोर-वेल्ह्याकडं चार दिवस जायचं होतं. बरोबर जाणाऱ्या मैत्रिणीला कावीळ झाली. बायको म्हणाली, "यांना ने. नाहीतरी भिंतीकडं बघत बसतात." असा मी प्रवासाला निघालो.

भोर

भोरला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. स्टँडजवळच एका लॉजवर खोली घेतली. वसूनं कॉटवर वर्तमानपत्र अंथरलं आणि खोक्यातले तुकडे एकेक करून मांडले. हे तिनं मागच्या हिवाळ्यात हिर्डोशीला, वरंध घाटाच्या वाटेवर, खणून काढले होते. तिथं इंग्रजांच्या काळात घाटरस्त्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या साहेबाची बंगली होती असं लोक सांगतात. आता नुसत्या भिंती उरल्यात. बंगलीमागं कचऱ्याचा जुना खड्डा आहे, त्यात हे सापडलं.

"आणि हा माझा राजा," ती म्हणाली आणि चौथा तुकडा उचलून माझ्या हातात दिला. शेवाळी हिरवी औषधाची बाटली. बुडापासून तोंडापर्यंत एक बाजू शाबूत, दुसरी गेलेली. "खड्ड्याच्या अगदी तळाशी होता. साच्याच्या दोन अर्ध्यांचा सांधा बघा, गळ्याच्या खालीच संपतो. म्हणजे तोंड वेगळं, हातानं लावलंय. बाटल्यांच्या वयाच्या तक्त्याप्रमाणं अशी बाटली नव्वद-शंभर वर्षांपूर्वीची. म्हणजे सगळा खड्डा साहेबाच्या काळातला! आख्खं प्रकरण यावर उभं आहे. जानेवारीतल्या परिषदेत हेच वाचायचंय."

तक्ता विलायती पुस्तकातला होता. मी तो बघत नव्हतो. माझं बोट बाटलीच्या बुडाजवळ गेलं होतं. सांध्याच्या डाव्या अंगाला, बुडापासून अर्धा इंच वर, मोहरीएवढा दाणा. बोटाला तो लागला आणि मी बोट काढून घेतलं.

"छान आहे," मी म्हणालो आणि तुकडा खाली ठेवला.

खानावळीत मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी आणि वर झणझणीत रस्सा होता. वसू दोन भाकरी जेवली. मी एकीतच हात धुतले. तिनं विचारलं तर म्हणालो, एस.टी. लागली.

हिर्डोशी

सकाळच्या गाडीनं हिर्डोशीला निघालो. भोर सोडलं की नीरेच्या कडेकडेनं रस्ता जातो. भात कापून झालेलं, खाचरांत नुसती धसकटं उरलेली, बांधाबांधावर पेंढ्याच्या गंजी. जिथं ओल टिकून होती तिथं वाल आणि हरभरा पोपटी उगवलेला. डोंगर जवळ येत येत अगदी रस्त्यावर झुकले. हिर्डोशीला आम्हाला उतरवून गाडी धुरळा उडवत गेली आणि तिचा आवाज विरल्यावर असं शांत झालं की माझं मलाच बरं वाटेना. भट्टीच्या घरघरीत उमर गेलेल्या माणसाला शांततेची सवय नसते.

बंगलीकडं जायला खाचरांच्या बांधावरून वाट होती. वसू भराभर पुढं, मी मागं. एका ठिकाणी ओल्या बांधावरून पाय घसरला, गुडघाभर चिखलात गेलो आणि चपलेचा अंगठा तुटला. एका पायात चपल, एक हातात, असा मी त्या इतिहासाच्या जागी पोचलो.

खड्ड्याची एक भिंत वसूनं तासून सरळ केली होती. ती मला मातीचे थर दाखवू लागली. वरचा काळा, मधला राखेचा, तळाचा तांबूस. "तळाचा सर्वात जुना, बाबा. आधी पडलं ते खाली राहतं." तिचा चेहरा उजळला होता. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना असाच दिसायचा. मी गप्प राहिलो असतो तर कुणाला कळणार होतं? तिच्या जगात तो दाणा ओळखणारा मी एकटा. रात्रभर हाच विचार करून मी कूस बदलत होतो.

"वसू, तो हिरवा तुकडा दे जरा."

तिनं दिला.

"हा दाणा बघितलास?"

"हो, बुडबुडा आहे. टिपणात लिहिलाय मी."

"बुडबुडा काचेच्या आत असतो. हा बाहेर आलाय. साच्याला खाच पडली की काच तिच्यात शिरते आणि बाटलीला असा दाणा येतो. दर बाटलीला, त्याच जागी."

"मग साचा ओळखायला उपयोगी!"

"साचा मी ओळखलाय. ती खाच मी पाडली."

ती आधी हसली. मग माझ्या तोंडाकडं बघून थांबली.

मी सांगितलं. साच्यात काचेचा कपचा अडकला होता, तो छिन्नीनं काढताना हात घसरला. "ही बाटली तुझ्यापेक्षा एका वर्षानं मोठी आहे, वसू. शंभर वर्षांची नाही."

"पण तोंड हातानं लावलंय!"

"आम्ही हातानंच लावायचो. तोंडाचं मशीन आलं तेव्हा तू बालवाडीत होतीस. विलायतेत ती पद्धत कधी संपली मला माहीत नाही. आमच्याकडं संपली नव्हती. आणि हा शेवाळी रंग आमच्या वाळूचा. तिच्यात लोखंड जास्त."

वसूनं वही मिटली. एका दगडावर बसली. मग म्हणाली, "सगळ्यात खालचा तुकडाच नवा, म्हणजे सगळा खड्डाच नवा. जानेवारीत वाचू काय मी?" आणि थोड्या वेळानं, "तुम्ही कालच ओळखलं होतंत ना?"

"हो."

"आणि 'छान आहे' म्हणालात."

मी हातातली तुटकी चपल उलटसुलट करत राहिलो.

तेवढ्यात डोक्यावर पेंढ्याचा भारा घेतलेली एक म्हातारी बांधावरून आली. आम्हा दोघांना असं बसलेलं बघून तिनं भारा खाली टाकला. "काय हरवलं का गं पोरी? आन् ह्ये पाव्हनं असं एक चपल घेऊन का बसल्यात?"

तिचं नाव हौसाबाई. सत्तरीच्या पुढची, पण चालणं आमच्याहून चपळ. मागच्या वर्षी वसू खणत होती तेव्हा त्या नातीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, म्हणून भेट झाली नव्हती. वसूनं खड्ड्याकडं बोट दाखवून विचारलं, "आजी, हा खड्डा कुणाचा?"

"आमचाच की. माज्या मालकानं खांदला, आनि आनखी चौगं व्हते. दुस्काळाच्या साली रस्त्याचं काम न्हाई का निघालं? आमी खडी फोडायला. तवा हितं बंगलीत कंपौंडर ऱ्हायाचा. कुनाचं बोट चेचलं, कुनाला ताप आला, की तो लाल औषिद द्यायचा. रिकाम्या बाटल्या ह्या खड्ड्यात." मग हसून म्हणाल्या, "समद्या न्हाई गेल्या खड्ड्यात. चांगल्या चांगल्या आमी बायांनी घरी न्हेल्या. चला, च्या घ्या. त्या चपलेचं बी बगू."

घर शेणानं सारवलेलं, लख्ख. हौसाबाईंनी सुतळीनं माझा अंगठा बांधून दिला, गूळ आणि पाणी पुढं ठेवलं आणि बिनदुधाचा, गवती चहाच्या पातीचा कोरा चहा केला. आमच्या चाळीत पाहुण्याला कोरा चहा देणं म्हणजे अपमान. इथं तो पितळीत ओतून असा प्रेमानं पुढं केला की दुधाची आठवणही झाली नाही. चहाबरोबर नाचणीची भाकरी होती आणि तिच्यावर घालायला मध. मधासाठी त्यांनी चुलीमागच्या काळोख्या कोनाड्यात हात घातला. तिथं दोन बाटल्या होत्या. त्यांनी न बघताच एक उचलली.

शेवाळी हिरवी. आख्खी. तोंडाला कापडाचा बोळा.

मी हात पुढं केला. बुडाजवळ, सांध्याच्या डाव्या अंगाला, मोहरीएवढा दाणा. वसूनं माझ्याकडं बघितलं, मग तिनंही बोट लावून बघितलं.

"आजी, तुम्ही न बघता कशी ओळखलीत? दोन्ही सारख्याच तर आहेत."

"सारक्या कुठं? हिला हितं पुटकुळी हाय. बोट लावलं की कळतं, ह्यो मध. बिनपुटकुळीच्यात राकेल. हितं चुलीमागं दिवसा बी दिसत न्हाई. माज्या सुनंला बी म्या आदी ह्येच शिकिवलं. पुटकुळी नसती तर येखांद्या पाव्हन्याच्या भाकरीवर राकेल पडलं असतं!"

सव्वीस वर्षं ज्या दाण्याची मला लाज वाटत होती तो एका घरात सासूनं सुनेला शिकवला होता. भाकरीचा घास तोंडात होता. मी तो चावायचा विसरलो.

वसूनं बाटली मोजली, उजेडात धरली, तिचं चित्र काढलं. शेवटी भीत भीत म्हणाली, "आजी, ही मला द्याल? संग्रहालयात ठेवू."

"आन् मी मध कशात ठिवू?" हौसाबाई म्हणाल्या आणि बाटली परत कोनाड्यात गेली.

दुपारची गाडी आलीच नाही. भोरच्या दिशेनं चालायला लागलो. वसूचा राग थोडा उतरला होता. चालता चालता तिनं विचारलं, "मग त्या साच्याचं काय झालं? खाच पडली हे तुम्ही सांगितलंत का?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं.

"नाही. तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. मग गिऱ्हाइकानं तक्रार केली. तक्रारीतल्या बाटल्या ज्या पाळीत निघाल्या तिच्यात साच्यावर युसूफ होता. माझ्याबरोबरच लागलेला, किकवीचा. फोरमननं त्याला विचारलं. तो म्हणाला, मला ठाऊक नाही. फोरमननं त्याला कामावरून काढलं."

"आणि तुम्ही?"

"मी तिथंच उभा होतो. तुझ्या आईला दिवस गेले होते तेव्हा."

वसू चार पावलं पुढं झाली. पुढची एक टेकडी आम्ही तशीच चढलो आणि उतरलो. मग मागून दुधाची जीप आली. तिच्यात कॅनांच्या मधे बसून भोरला आलो.

पाली

दुसऱ्या दिवशी नसरापूरमार्गे वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो आणि मार्गासनीला उतरून पालीला गेलो. ठरलेलंच होतं. वसू कामापुरतं बोलत होती, "बाबा, पाणी," "बाबा, इकडून." राजगड मात्र सारखा समोर. रस्ता वळला की तो डोंगराआड जायचा, पुढच्या वळणाला आणखी मोठा होऊन उभा राहायचा. उन्हात त्याचा बालेकिल्ला कोरून काढल्यासारखा दिसत होता.

पालीत बबनराव नावाच्या शेतकऱ्याच्या पडवीत आमची सोय होती. गडावर जाणारी पोरं त्यांच्याकडंच उतरतात. रविवारी पन्नास-पन्नास जण येतात आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या टाकून जातात. बबनरावांच्या बायकोनं त्या बाटल्या अर्ध्या कापून त्यांत मिरचीची रोपं लावली होती. पडवीच्या कडेनं रांगच होती. ती बघून वसू कालपासून पहिल्यांदा हसली. "आणखी शंभर वर्षांनी माझ्यासारखी कुणीतरी येईल आणि म्हणेल, या गावात पाणी कमी आणि मिरच्या फार."

बबनरावांच्या नांगराला गडाकडच्या शेतात काचा लागतात, म्हणून आम्ही आलो होतो. पिठलं, तांदळाची भाकरी आणि खर्डा खाऊन शेतात उतरलो. वसू पट्टीनं चौकोन आखून एकेक तुकडा वेचत होती, मी बांधावर बसून होतो. कारखाना बंद पडल्यापासून मला असंच बसायची सवय झाली होती. दुसऱ्याच्या कामाकडं बघत.

अर्ध्या तासानं ती आली. तिच्या हातात एका बाटलीचा गळा होता, निळसर. दुसऱ्या हातात तक्त्याची झेरॉक्स होती. ती तिनं बघितली, घडी करून खिशात घातली आणि गळा माझ्यापुढं धरला.

"हे कसं केलंय, बाबा?"

मी गळा उन्हात धरला. आतून बोट फिरवलं. "हा साच्यातच पूर्ण झालाय. तोंडही मशीनचं. सांधा वरपर्यंत गेलाय बघ. पण फिरवून गार केलेला नाही, घाईत काढलाय. इथं काच ओढल्यासारखी दिसते ना? नवा माणूस असणार त्या पाळीला."

"नवा माणूस होता हेही कळतं?"

"काचेत सगळं राहतं."

ती शेजारी बसली आणि लिहू लागली. मग उठून आणखी तुकडे घेऊन आली. ऊन उतरेपर्यंत मी बोलत होतो, ती लिहीत होती. भट्टी कशी लावायचे, फुंकणाऱ्याच्या गालांना घट्टे कसे पडायचे, पावसाळ्यात वाळू ओली असली की काच कशी गढूळ यायची. बबनराव बैल सोडून आले आणि आमच्याजवळ उकिडवे बसले. "पाव्हनं, तुमी मास्तर का?" त्यांनी विचारलं. "न्हाई म्हंजे, त्या बाई तुमचं समदंच लिवून घेत्यात."

त्या रात्री जेवताना वसू म्हणाली, "विलायती तक्ता आपल्या बाटल्यांना लागू पडत नाही. हेच लिहायचं, बाबा. आपला तक्ता वेगळा करावा लागेल, आणि तो पुस्तकात मिळणार नाही. तुमच्यासारख्यांना विचारूनच होईल." मग भाताचा घास कालवता कालवता तिनं हळूच विचारलं, "युसूफकाका अजून किकवीलाच असतात?"

"असतील."

"उद्या जाऊ या."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

किकवी

किकवी हमरस्त्यावरच आहे, सातारच्या दिशेला. नसरापूरवरून निघालेल्या गाडीनं फाट्यावर सोडलं. टेम्पो, ट्रक, उसाच्या बैलगाड्या, सगळा आवाज. पानाच्या टपरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "युसूफचाचा? त्ये काय, पंक्चरचं दुकान. ल्योक टेम्पो चालवतो, चाचा पंक्चर काढत्यात."

युसूफ टबमध्ये ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. दाढी पांढरी झाली होती, बाकी तोच. मान वर करून बघितलं, क्षणभर ओळख पटली नाही, आणि मग तो ट्यूब तशीच टाकून उठला. "सदा! आरं सदा तू! किती वर्सांनी रं!" ओल्या हातांनीच त्यानं मला धरलं. वसूकडं बघून, "लेक व्हय? बसा, बसा," म्हणत टायरवर पोतं टाकलं. आतून बायकोला हाक मारली, "आगं, पाव्हनं आल्यात, जेवायला टाक!"

जेवण व्हायच्या आत बोलायला हवं होतं. त्याचं मीठ खाऊन मला ते बोलता आलं नसतं. मी वसूकडून हिरवा तुकडा मागून घेतला आणि त्याच्या हातात दिला.

त्यानं तो फिरवला. बोट बुडाजवळ गेलं आणि थांबलं. त्याचा चेहरा उतरला. "ह्यो साचा," तो म्हणाला. "ह्यो तर माज्या हातनं..."

"तुझ्या हातनं नाही, युसूफ. माझ्या हातनं. रात्रपाळीला. छिन्नी घसरली. मी कुणाला सांगितलं नाही. तुला काढलं तेव्हाही नाही."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग दुसरा. युसूफ तुकड्याकडंच बघत होता. मी शिव्यांची वाट बघत होतो. तो मला हाकलून देईल, निदान तोंड फिरवेल, असं वाटत होतं. मग त्यानं मान वर केली.

"तू पाडलीस खाच? पक्कं?"

"पक्कं."

"आरं, मला वाटायचं माजाच हात घसरला. आठवायचं न्हाई कदी घसरला, पर फोरमन म्हनला तू, तर म्या म्हनलं मीच आसंल. न्हाईतर कोन?" त्यानं आपले दोन्ही हात पुढं धरले, काळ्या ग्रीसनं भरलेले. "तवापास्नं मी बारीक काम घेतलंच न्हाई. माजा चुलता सुतारकाम शिकवत व्हता, त्येला न्हाई म्हनलो. म्हनलं, आपला हात कच्चा हाय. टेम्पो चालिवला, टायरी काडल्या." मग माझ्याकडं बघून, अगदी लहान आवाजात, "म्हंजे माजा हात चांगला व्हता?"

"माझ्यापेक्षा चांगला होता," मी म्हणालो. खरंच होता.

तो उठून आत गेला. आतून त्याचा आवाज आला. बायकोला सांगत होता. ती काय म्हणाली ते ट्रकच्या आवाजात ऐकू आलं नाही. वसूनं माझा हात धरला होता. लहान असताना रस्ता ओलांडताना धरायची तसा.

युसूफ बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते आणि आवाज चढलेला. "सदा, तू लई वाईट केलंस. ल्हान पोर व्हतं माजं घरात तवा. म्या भोगलंय, माज्या बायकूनं भोगलंय. आत्ता मला माफीचं काय बी विचारू नगं, म्या काय बी सांगनार न्हाई." आणि वसूला म्हणाला, "तू मातर जेवून जायाचं, पोरी. तुजा काय गुन्हा?"

आम्ही जेवलो. वांग्याची भाजी, भाकरी, ताक. माझ्या ताटात त्याच्या बायकोनं वाढलं, पण आग्रह केला नाही. तो वसूच्या वाट्याला आला. जेवता जेवता वसूनं त्याला साच्यांबद्दल विचारलं. आधी तो एकेका शब्दात बोलला. मग मी एका बाटलीचं वर्ष सांगितलं तर तो म्हणाला, "काय बी सांगतोस! ती बाटली नंतरची. तवा बुडावर आकडा यायला लागला व्हता." मी म्हटलं, आकडा आधीपासून होता. तो म्हणाला, नव्हता. आमचे आवाज चढले. वसू कधी त्याच्याकडं, कधी माझ्याकडं बघत भराभरा लिहीत होती. मी एप्रिलपासून कुणाशी भांडलो नव्हतो. त्या दिवशी पोटभर भांडलो.

त्यानंतर

परिषदेत वसूनं दुसराच निबंध वाचला. हिर्डोशीच्या खड्ड्याचा काळ आपण चुकीचा ठरवला होता, हे तिनं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. विलायती तक्ता इथं का चालत नाही, ते तिनं मधाच्या बाटलीवरून दाखवलं. मी मागच्या बाकावर बसलो होतो. तिच्या मार्गदर्शक बाईंनी नंतर मला विचारलं, विद्यार्थ्यांना साचा म्हणजे काय ते नीट दाखवता येईल का? लोखंडी साचे तर कारखान्याबरोबर भंगारात गेले. मी म्हटलं, लाकडात करून बघतो. पण ते काम एकट्याचं नाही.

म्हणून मी पुन्हा किकवीला गेलो, या खेपेला एकटाच. युसूफला सांगितलं. तो हातातल्या ट्यूबला ठिगळ लावत राहिला, पण पुढच्या खेपेला गेलो तर दुकानात बाभळीचा ओंडका पडलेला होता आणि त्याच्या चुलत्याच्या छिन्न्या घासून ठेवलेल्या होत्या.

त्यानं मला माफ केलं असं अजून म्हटलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. रविवारी मी जातो. त्या दिवशी घरी असलेल्या लेकाच्या गळ्यात तो गिऱ्हाईक घालतो आणि आम्ही मागच्या पत्र्याखाली बसतो. परवा त्यानं ओंडक्यावर पेन्सिलीनं बाटलीचा अर्धा आकार काढला आणि छिन्नी लावली. किती वर्षांनी लावत होता कुणास ठाऊक. पहिला घाव घालायच्या आधी तो थांबला, हातांकडं बघितलं आणि मग माझ्यावर ओरडला, "आरं, नीट धर की तिकडनं! हलतंय!"

मी नीट धरलं.